छायाचित्रांची कीर्द

व्यापारी घरातील जुनी लोखंडी पेटी उघडली की छायाचित्रांचे दोन-चार आल्बम हमखास निघतात. त्यांत काय असणार, हे न पाहताही सांगता येते. लग्नाचा मांडव, वरघोडा, एखाद्या मासखमणाच्या पारण्याचा सोहळा, दुकानाच्या नव्या जागेचा मुहूर्त, शिखरजीच्या यात्रेत ओळीने उभे राहिलेले वीस-पंचवीस जण. सारे नव्या कपड्यांत आणि सारे कॅमेऱ्याकडे पाहणारे. त्याच घरात चाळीस-पन्नास वर्षे रोज सकाळी दुकानाचे दार उघडले गेले, गादीवरची पांढरी चादर झटकून अंथरली गेली, दुपारी घरून डबा आला, संध्याकाळी गल्ला मोजून कीर्द लिहिली गेली. याचे एकही चित्र पेटीत सापडत नाही. जे आयुष्यात एकदा घडले ते जपले गेले आणि जे हजारो वेळा घडले ते कोणाच्या लक्षातच आले नाही.

याचा दोष घरच्या माणसांना देणे अन्यायाचे होईल. छायाचित्रणाची कला हिंदुस्थानात आली तीच मुळी समारंभाच्या वेशात. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ साली स्थापन झाली. त्या काळी काचेवर रसायन चढवून, माणसाला काही क्षण निश्चल बसवून चित्र घ्यावे लागे. हलले की चेहरा पुसट. तेव्हापासून जी ताठ मान आणि गंभीर मुद्रा आली ती कॅमेरे सुधारले तरी तीन पिढ्या गेली नाही. त्या युगातील सर्वांत नावाजलेले भारतीय छायाचित्रकार राजा दीनदयाल हे मेरठजवळच्या सरधना गावी १८४४ साली एका जैन कुटुंबात जन्मले, ही गोष्ट अनेक वाचकांना नवी वाटेल. रुरकीच्या थॉमसन महाविद्यालयात अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरला सरकारी नोकरीत लागले, तेथे हौस म्हणून कॅमेरा हाती घेतला आणि पुढे हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार झाले. ‘राजा मुसव्विर जंग बहादुर’ हा किताब त्यांना मिळाला. इंदूर, सिकंदराबाद आणि मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते. पडद्यातील स्त्रियांसाठी त्यांनी वेगळा स्टुडिओ काढला आणि तेथे चित्रे घेण्याचे काम एका स्त्रीकडेच सोपवले, ही त्यांची व्यापारी दृष्टी आजच्या दुकानदारानेही वाखाणावी अशी आहे. त्यांच्या चित्रांत राजवाडे आहेत, शिकारी आहेत, लष्करी कवायती आहेत. घर मात्र स्टुडिओत येऊनच चित्रात शिरले, स्टुडिओ घरात गेला तो क्वचितच.

पुढे कॅमेरा स्वस्त झाला. कोडॅक कंपनीने १९०० साली ‘ब्राउनी’ नावाचा कॅमेरा अमेरिकेत एका डॉलरला विकायला काढला. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत जो पोहोचला तो बहुधा अ‍ॅग्फाचा ‘क्लिक थ्री’. त्याच्या एका रिळात बारा चित्रे निघत. रीळ विकत घ्यायचे, ते धुऊन घ्यायचे, छापून घ्यायचे. प्रत्येक दाबामागे पैसा. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या घरात बारा चित्रांतले एक चित्र पोळ्या लाटणाऱ्या आईवर कोण खर्च करणार? कॅमेरा कपाटातून निघे तो सहलीला आणि लग्नालाच. पुढे छत्तीस चित्रांची रिळे आली, तरी सवय तीच राहिली.

आज खर्चाचा प्रश्न उरला नाही आणि त्यातून दुसराच प्रश्न उभा राहिला आहे. घरातील चार फोनांत मिळून हजारो चित्रे असतात. त्यांत बिलांची चित्रे, मालाच्या नमुन्यांची चित्रे, सकाळी आलेले शुभेच्छांचे फुलांचे गुच्छ आणि त्यांच्यामध्ये कोठेतरी नातवाचे पहिले पाऊल. फोन बिघडला की सारे एकदम जाते. गोदामात माल खच्चून भरलेला असावा आणि गिऱ्हाईक समोर उभे असताना हवे ते ठाण सापडू नये, तशी ही अवस्था आहे.

यावर काही कुटुंबांनी अवलंबिलेला एक उपाय फार साधा आहे. आठवड्याला एक चित्र. सात दिवसांत कितीही काढावीत, पण आठवडा संपताना त्यांतले एकच निवडायचे, छापून घ्यायचे, त्याखाली एक ओळ लिहायची. वर्षाला बावन्न. परिमाणाचे व्रत घेणाऱ्या समाजाला या मर्यादेचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

अशी शिस्त नवी नाही. न्यूयॉर्कचे जेमी लिव्हिंग्स्टन यांनी ३१ मार्च १९७९ पासून दररोज एक पोलरॉइड चित्र घेण्यास आरंभ केला आणि २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या ४१ व्या वाढदिवशी, मृत्यू येईपर्यंत तो नेम चालू ठेवला. सहा हजारांहून अधिक चित्रे झाली. त्यांत बहुतेक मित्रांच्या बैठका, जेवणे, रस्ते. शेवटी शेवटी आजारपण आणि इस्पितळ. जवळचे उदाहरण हवे असेल तर उमरावसिंह शेरगिल यांचे घ्यावे. अमृता शेरगिल या चित्रकर्तीचे हे वडील. त्यांनी अनेक वर्षे आपले घर, पत्नी, दोन मुली आणि स्वतःलाही कॅमेऱ्यात टिपले. ते व्यवसायाने छायाचित्रकार नव्हते. पुढे त्यांचे नातू विवान सुंदरम यांनी त्याच चित्रांतून नवी कलाकृती उभी केली. आजोबांनी जपले नसते तर नातवाच्या हाती काय आले असते?

रोज एक चित्र हा नेम दुकानदारी करणाऱ्या घराला झेपत नाही. सराईच्या दिवसांत जेवणाला वेळ मिळत नाही तेथे चित्राला कोठून मिळणार? पंधरा दिवसांत तुटलेला नेम पुन्हा धरवत नाही. आठवड्याचे माप मात्र बाजाराच्या गावाला मुळातच परिचयाचे असते. आठवडी बाजार, आठवड्याची सुट्टी, आठवड्याची वसुली.

सोलापूर जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी तीन पिढ्यांचे कापड दुकान चालवणाऱ्या घरात हा नेम कसा रुजला ते सांगण्यासारखे आहे. घरात बापूजी आणि बा, दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडे. दिवाळीत वहीपूजनासाठी दर वर्षी लाल बासनाची नवी वही आणली जाते, पहिल्या पानावर स्वस्तिक काढले जाते, श्रीकाराची उतरंड लिहिली जाते आणि वही कपाटात जाते. हिशेब सारा संगणकावर. अशा सात-आठ वह्या पहिले पान सोडून कोऱ्याच पडल्या होत्या. मोठ्या सुनेने त्यांतली एक मागितली.

“पूजेच्या वहीत फोटो चिकटवायचे?” बापूजींनी विचारले.

“बापूजी, हिशेब संगणकात गेला. वह्या कोऱ्याच राहतात. त्यांत घराचाच जमाखर्च लिहीन म्हणते.”

बापूजींनी दोन दिवस उत्तर दिले नाही. मग गतवर्षीची वही काढून दिली, ती एका अटीवर. नोंद ज्या आठवड्याची त्याच आठवड्यात व्हावी. मागची तारीख घालून पुढे काही चिकटवायचे नाही. पन्नास वर्षे कीर्द लिहिलेल्या माणसाची ही अट होती.

पहिले महिनाभर चित्रे जेमतेमच आली. सून चित्र काढायला उभी राहिली की सारे हातातले काम टाकून उभे राहत, बा डोक्यावरचा पदर सारखा करीत, मुले दोन बोटे वर करीत. दीनदयालांच्या काळची सवय. हळूहळू तिच्या ध्यानी आले की चित्र काढतो आहे हे जाहीर करायचेच नाही. माणूस कामात असेल तेव्हा चार पावले जवळ जायचे, मुलाचे चित्र असेल तर खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या उंचीला यायचे आणि दिवा लावण्याऐवजी माणूस खिडकीपाशी येईपर्यंत थांबायचे. फोनची काच पदराच्या टोकाने पुसून घेतली तरी निम्मी चित्रे सुधारतात, हेही तिने अनुभवाने शोधले. स्वयंपाकघराचा तेलकट हात त्या काचेला सतत लागत असतो.

उजेडाच्या बाबतीत तर या घराला एक वरदानच होते. चौविहार पाळणाऱ्या घरात सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात. थंडीत सोलापूरकडे सूर्य सहाच्या आधीच मावळतो, तेव्हा साडेपाचच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ते तिरपे पिवळे ऊन ताटांवर, वाफाळत्या कढीवर, बांच्या हातावर पडते. छायाचित्रकार ज्या वेळेसाठी डोंगरावर जाऊन थांबतात ती वेळ येथे रोज घरात चालून येते. पण या ताटांच्या चित्रांत एक गोष्ट सुनेला टोचू लागली. सहा-सात आठवड्यांची चित्रे शेजारी शेजारी ठेवली तेव्हा दिसले की पंगतीत दोन्ही मुलगे कधीच नाहीत. त्या वेळी दुकानात गर्दी असते. त्यांचे डबे पाच वाजता जातात. हे सर्वांना ठाऊक होते, पण ठाऊक असणे वेगळे आणि पानामागून पान तसे दिसणे वेगळे. त्यानंतर दर गुरुवारी थोरला मुलगा आणि रविवारी धाकटा घरी येऊन पंगतीला बसू लागला. दुकान एका माणसावर पाऊण तास चालते, एवढा साधा शोध लागायला चित्रे लागली.

काही आठवडे काहीच घडत नाही. अशा एका आठवड्यात सुनेने दाराशी काढून ठेवलेल्या चपलांचे चित्र घेतले. बापूजींनी चष्मा वर करून ते पाहिले आणि खाली लिहिले, ‘नऊ जोड.’ तोपर्यंत ओळ लिहिण्याचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले होते. तिथी, तारीख, स्थळ, हजर असलेल्यांची नावे. विशेषण एकही नाही. त्यांचे अक्षर वळणदार आहे आणि संगणक आल्यापासून त्या अक्षराला घरात काम उरले नव्हते. ‘गच्चीवर पापड. बा व दोन्ही सुना. ऊन कडक.’ ‘पर्युषण. भाजीची टोपली रिकामी.’ ही त्यांच्या नोंदींची तऱ्हा. चिकटवण्यासाठी डिंक न वापरता छायाचित्राच्या चार कोपऱ्यांना कागदी त्रिकोण लावायचे, हा सल्ला बाजारपेठेतील जुन्या स्टुडिओवाल्याचा. चिकट पानांवर पातळ प्लास्टिक ओढलेले जे आल्बम एके काळी घरोघर आले, त्यांतील गोंद वर्षांनी पिवळा पडतो आणि चित्र पानाला असे धरून बसतो की काढताना फाटते. मागे नाव लिहायचे तर मऊ पेन्सिलने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून वही बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये.

सहलीची चित्रे मात्र वहीत थोडीच आहेत, आणि ती निवडताना घरात वाद झाले. वेरूळचेच घ्या. दुकानाला सुट्टी मंगळवारी आणि वेरूळची लेणीही मंगळवारीच बंद. तेव्हा लग्नसराई संपल्यावर एका रविवारी दुकान मुनीमजींवर सोपवून मंडळी निघाली. जैन लेणी ३० ते ३४ ही रांगेच्या उत्तर टोकाला, कैलास लेण्यापासून बरीच दूर. बहुतेक प्रवासी कैलास पाहून परततात, त्यामुळे तेथे निवांतपणा मिळतो. बत्तीस क्रमांकाच्या इंद्रसभेत छतावर जुन्या रंगकामाचे अवशेष अजून दिसतात. अशा ठिकाणी फ्लॅश मारू नये. चित्रही चपटे येते आणि रंगांनाही तो मानवत नाही. धाकट्या मुलाने इंद्रसभेच्या अंगणातील एकाश्म मानस्तंभापाशी सर्वांना उभे करून एक रीतसर चित्र घेतले. चांगले आले होते. वहीत मात्र लागले ते दुसरे. झाडाखाली सतरंजी, थेपल्यांचा डबा उघडा, उकळलेल्या पाण्याची बरणी मध्ये, बांनी पाय लांब केलेले आणि धाकटी नात त्या पायांवर डोके ठेवून झोपलेली. धाकट्याचे म्हणणे, एवढ्या लांब जाऊन लेणे दिसायला नको का? त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पण लेण्याचे चित्र कोणत्याही पुस्तकात मिळते.

तीर्थस्थानी आणखी एक पथ्य घरातल्यांनी पाळले. अनेक मंदिरांत गाभाऱ्यात चित्र घेण्यास मनाई असते, आणि साधू-साध्वींचे चित्र विचारल्याशिवाय घेणे अविनयाचे. तेथे फोन खिशात राहिला. घरच्या चित्रांनाही पथ्य लागतेच. दुकानातील चित्रात मागे गल्ला उघडा, भिंतीवर बँकेची पावती, टेबलावर गिऱ्हाइकाची उधारीची यादी असेल तर ते चित्र नातेवाइकांच्या गटात टाकण्याआधी दोनदा पाहावे. सहलीचे चित्र सहलीहून परतल्यावरच पाठवावे. घराला कुलूप आहे ही बातमी गावभर करण्याचे कारण नाही. मूळ चित्रे फोनखेरीज संगणकात आणि आणखी एका वेगळ्या जागी असावीत, त्यांतली एक प्रत घराबाहेर, एखाद्या भावाकडे किंवा बहिणीकडे. आग आणि पूर घरातल्या तिन्ही प्रती एकदमच नेतात.

तेविसाव्या आठवड्यात धाकट्याने वेगळे होण्याची गोष्ट काढली. पुण्याला शाळांच्या गणवेशाचा व्यवसाय करायचा त्याचा बेत होता. भांडण झाले नाही. बैठक झाली, आकडे मांडले गेले, मामा मध्यस्थीला आले. व्यापारी घरांत वाटणी अशीच होते; आवाज चढत नाही आणि म्हणूनच तिची वेदना बाहेर दिसत नाही. त्या रविवारी वहीत काय लावायचे हा प्रश्न होता. बांचे मत, या आठवड्याचे पान सोडून द्यावे. सुनेने दुकानातले एक चित्र पुढे ठेवले. थोरला फळीवरून ठाण काढतो आहे, धाकटा गजाने कापड मोजतो आहे, दोघांची पाठ एकमेकांकडे. बापूजींनी बराच वेळ ते हातात धरले आणि खाली लिहिले, ‘दुकान. दोघे हजर.’

एकतिसाव्या आठवड्याचे पान मात्र खरोखरच कोरे आहे. बा आजारी होत्या, घर इस्पितळात गुंतले होते, चित्र निघाले नाही. पुढे धाकट्या सुनेच्या फोनमध्ये त्या दिवसांतले इस्पितळाच्या आवारातले एक चित्र सापडले. ते तेथे लावावे असे सर्वांचे मत पडले. बापूजींनी मान्य केले नाही. त्या पानावर त्यांच्या हातची ओळ आहे, ‘या सप्ताहात नोंद नाही.’ इतकी कडक शिस्त घरगुती वहीला हवी का, असे कोणी म्हणेल. पण ते पान उघडले की त्या आठवड्यात काय झाले हे घरात आजही सांगितले जाते, आणि बाकीची काही पाने नुसती उलटली जातात.

दिवाळी जवळ आली तशी वही कोणाची, हा विषय निघाला. वाटणीच्या कागदात भांडी होती, दागिने होते, वखारीची जागा होती, वही नव्हती. धाकट्या सुनेने आडून विचारले, एक वर्ष पुण्याला नेली तर चालेल का? उत्तर बापूजींनी दिले. कोऱ्या वह्यांतली आणखी एक त्यांनी काढली. स्टुडिओवाल्याकडून एक्कावन्न चित्रांची दुसरी प्रत छापून आणवली आणि रोज दुपारी दुकानातून लवकर येऊन ते नक्कल लिहीत बसले. तीन आठवडे लागले. नकलेत त्यांनी एकच फरक केला. संबंध वर्षात मोठी सून एकाही चित्रात नव्हती, हे लिहिताना त्यांच्या लक्षात आले. दुसऱ्या वहीत प्रत्येक ओळीच्या शेवटी, आणि मग मागे जाऊन मूळ वहीतही, त्यांनी हजर असलेल्यांच्या यादीत तिचे नाव वाढवले. मूळ वहीत ते नाव वेगळ्या शाईत असल्यामुळे मागाहून घातल्याचे स्पष्ट दिसते, आणि बाजूला त्या दिवसाची तारीख व सहीही आहे.

नव्या वर्षाच्या दोन वह्या आता दोन गावी आहेत. रविवारी रात्री दोन्ही घरांनी आपापले चित्र एकमेकांना पाठवायचे आणि दोन्ही वह्यांत दोन्ही चित्रे लावायची, असे ठरले. पुण्याहून पहिले चित्र रविवारी आले नाही. सोमवारी विचारणा झाली तेव्हा कळले की सामान लावण्यातच आठवडा गेला. चित्र मंगळवारी आले. पडदे न लावलेली खिडकी, जमिनीवर मांडलेली चार ताटे, आणि ताटांपाशी धाकटाही बसलेला. बापूजींनी ते लावले आणि खाली मंगळवारची तारीख घातली.